टायरांची गाडी

आमच्या मोटारीत मागच्या बाकावर माणसं बसत नसत, टायर बसत. एकूण सहा. दोन बाकावर टेकून, दोन पाय ठेवायच्या जागेत, आणि दोन त्यांच्यावर आडवे. वरून काथ्याची दोरी आवळलेली. मी दारात उभी राहून त्या टायरांकडे बघायची आणि मला त्यांचा खराखुरा मत्सर वाटायचा. लिंबागणेश, नेकनूर, तेलगाव, डोंगरातल्या वाड्या, सगळा मुलूख त्यांनी पाहिला होता. मी बीडमध्ये राहून बिंदुसरेचा पूल आणि घरामागची आळी एवढंच पाहिलं होतं.

राज्य निजामाचं होतं आणि आमचे हे सरकारी देवीचे डॉक्टर होते. गावोगाव फिरायचं, लेकरांच्या दंडावर चरे पाडून देवीची लस भरायची, वहीत नोंद करायची, पुढच्या गावाला निघायचं. दिवाळी सरली की दौरा सुरू व्हायचा तो शिमग्याला संपायचा. तेवढे महिने मी एकटी. विशीच्या आत-बाहेरचं वय, अंगात नुसता उत्साह, आणि बोलायला घरात भिंती. मला आयुष्यात तेव्हा एकच गोष्ट हवी होती. यांच्याबरोबर दौऱ्यावर जायचं, राहुटीत राहायचं, रोज नवं गाव बघायचं.

मोटार मोठ्या लढाईतून आलेली. लढाई मिटल्यावर कुठल्याशा छावणीतून निघाली आणि फिरत फिरत आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आली. तिच्याबरोबर जाड दातेरी टायर आले होते, रस्ता नसेल तिथून चालण्यासाठी केलेले. आमच्याकडे रस्ता नसणं ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे ते सोन्यासारखे जपावे लागत. सडकेवर गुळगुळीत टायर, काळ्या रानात शिरलं की दातेरी, आणि दोन्हींना बाभळीचे काटे सारखेच लागायचे. आमचे ड्रायव्हर चाचा औरंगाबादच्या छावणीत मोटार शिकलेले, पिकल्या दाढीचे, अतिशय सज्जन. पण टायरांचा विषय निघाला की कोणाचं ऐकायचे नाहीत. सहातला एकसुद्धा घरी ठेवायला ते तयार नसत.

मी दर वर्षी विचारायची, मला न्या. हे दर वर्षी म्हणायचे, "अगं, जागा कुठे आहे? जागा झाली तर ये की."

तिसऱ्या वर्षी मी हे वाक्य पदरात गाठ मारून ठेवलं. जागा झाली तर ये. म्हणजे आडकाठी जागेची. म्हणजे टायर तिथून उठले की काम झालं. मला रात्रभर झोप आली नाही असं म्हणणार नाही, छान झोप लागली. पण सकाळी उठले ती चुलीतला कोळसा घेऊन अंगणातल्या फरशीवर गाडी काढायला बसले. मोटारीच्या मागे बांधायची एक लहानशी गाडी. तिच्यात सहा टायर, राहुटी, स्वयंपाकाची भांडी, पाणी. बस्स.

चाचा टायर तपासायला आले तेव्हा मी त्यांना सगळे टायर खाली काढायला लावले आणि हाताने, वितीने, बोटांनी मापं घेतली. उभे ठेवले तर गाडी उंच होते आणि वळणावर कलंडते. आडवे ठेवले, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक, तर तीन-तीनच्या दोन चवडी होतात आणि गाडी बुटकी राहते. चवडी रचल्या आणि मी वरून वाकून पाहिलं, तर प्रत्येक चवडीच्या मधोमध विहिरीसारखी पोकळी! मला इतका आनंद झाला की मी घरात पळत गेले आणि पाण्याचा माठ उचलून आणला. पोकळीत अलगद सोडला. चारी बाजूंनी रबर, माठ गच्च बसला. चाचांना म्हटलं, हलवा बघू. त्यांनी चवड गदागदा हलवली, माठाला काही झालं नाही. दुसऱ्या पोकळीत भांडी, भांड्यांत डाळ-तांदूळ. टायर वाहायचे आणि टायरांनीच आपला संसार वाहायचा, हे मला सुचलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले. अजूनही आहे.

मग वरचं झाकण. झाकण फळ्यांचं, मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर उघडणारं. उघडून खाली दोन काठ्यांचे टेकू दिले की तेच भाकरी थापायला ओटा. गाडीचा दांडा वर करून बांधला की त्यावरून ताडपत्री टाकून आडोसा. चार दिवसांत माझं अंगण कोळशाने काळं झालं. शेजारच्या बायका कुंपणावरून विचारायच्या की हे काय काढलंय. मी सांगायची, माझं घर काढलंय.

यांना दाखवलं तेव्हा हे हसले. मोठ्या कौतुकाने नाही, तोंडदेखलं. म्हणाले, बघ जमतंय का. मला त्यांच्या तोंडाकडे बघायला वेळ नव्हता. मी सुतार शोधत होते.

सुतार नेकनूरचा मिळाला. साठीचा गडी, बाजाराला बीडला आला होता. उभ्या जन्मात त्याने बैलगाडीशिवाय दुसरं काही केलं नव्हतं आणि बैलगाडी मात्र अशी करायचा की लोक दुरून न्यायला यायचे. तो आमच्या अंगणात आठ दिवस मुक्कामाला राहिला. माझं चित्र त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, चाकं कसली? मी म्हटलं, मोटारीची. चाचा तिथंच होते, ते तडक आडवे आले. टायर वाहायच्या गाडीलाच टायर खर्ची घातले तर मग वाहायचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. शेवटी छकड्याची लहान लाकडी चाकं घ्यायची ठरलं, लोखंडी धाव चढवलेली. इथे पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ आहे, पण तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. छकडा म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात वेगवान वाहन. त्याची चाकं मोटारीला पुरणार नाहीत असं वाटायचं कारणच नव्हतं.

सुताराने गाडी सुरेख केली. बाभळीचा कणा, सागाच्या फळ्या, कडांना पितळी खिळे. त्याने मात्र एक गोष्ट मला न विचारता केली. बैलगाडीला असतात तसे दोन लांब दांडे पुढे काढले आणि दोन्ही दांडे मोटारीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना आवळून बांधले. त्याच्या लेखी मोटार म्हणजे बैलजोडीच, डावा बैल आणि उजवा बैल. गाडी नीट धुरजड ठेवली होती, म्हणजे पुढे किंचित भार, बैलाच्या खांद्याला बरा वाटतो तेवढा. चाचांनी मोटार सुरू केली. आळीतून सरळ गेली तोवर मी टाळ्या वाजवत मागून धावत होते. आळीच्या तोंडाशी मोटार वळली आणि गाडी वळेना. ती आपली सरळ. काडकन आवाज झाला, उजवा दांडा मोडला आणि डाव्या दांड्याने शेजाऱ्यांच्या कुंपणाची निवडुंगं जमीनदोस्त केली.

सुतार मोडक्या दांड्यापाशी बसून राहिला. आपल्या हातची गाडी मोडलेली त्याने कधी पाहिली नसावी. मग म्हणाला, "बाईसाब, बैलाला मान असती. गाडीच्या आधी मान वळती. हिला मान कुठं हाय?"

मला हे वाक्य फार आवडलं. अडचण काय ते त्याने नेमकं सांगितलं होतं. दोन दिवस मी मोटारीला मान कुठून आणायची याचाच विचार करत होते. वळली पाहिजे, खड्ड्यात खालीवर झाली पाहिजे, आणि निसटता कामा नये. हे कचेरीतून आले की मी त्यांच्यापुढे पळी आणि झारा धरून एकमेकांत अडकवून दाखवायची आणि ते जेवण गार होतंय म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी दळायला बसले. जात्याची वरची तळी खालच्या खुंट्यावर फिरत होती. पीठ जाडसर येत होतं म्हणून तळी उचलली, आणि उचललेली तशीच धरून राहिले. तळीच्या तोंडात आडवी लाकडाची माकडी, तिला खालून भोक, त्या भोकात खुंटा. तळी गोल फिरते, थोडी या अंगाला त्या अंगाला कलते, आणि खुंट्यावरून कधी निसटत नाही. हीच तर मान! मी तळी आणि माकडी तशीच घेऊन अंगणात गेले. हातभर पीठ, केसांत पीठ. सुताराच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, दोन दांडे काढा, एकच ठेवा, त्याच्या टोकाला माकडी बसवा. मोटारीच्या मागे मधोमध खुंटा. लोखंडाचा, वर पाचर मारलेला.

तो जात्याकडे बघत राहिला. मग त्याने तळीखाली बोट घालून ती हलवली, फिरवली, कलती केली. म्हणाला, "बाया रोज फिरवत्यात हे. आमी कावून न्हाई बघितलं?" मला यापेक्षा मोठा मान पुढे कोणी दिला नाही.

लोहाराकडून खुंटा आला. या वेळी गाडी वळली! आळीच्या तोंडाशी मोटार वळली आणि मागोमाग गाडी गाईमागे वासरू वळावं तशी वळली. चाचांनी भोंगा वाजवला. मी ओरडले. आम्ही सगळे कचेरीपुढच्या मैदानावर गेलो आणि गाडीला गोल गोल फिरवलं. लोक जमले. कोणीतरी विचारलं की बिनबैलाच्या गाडीला मागे आणखी एक बिनबैलाची गाडी कशाला. सुताराने ऐटीत सांगितलं की बाईसाबांना गावाला जायचं हाय.

मग धूर निघाला.

आधी मला वाटलं मोटारीचा आहे. पण तो डाव्या चाकाच्या तुंब्यातून येत होता, कणा जिथे चाकात शिरतो तिथून. सुताराने हात लावला आणि झटकन काढला. त्याने वंगण भरपूर दिलं होतं, एरंडेल आणि ताग, बैल दहा कोस चालले तरी पुरावं इतकं. पण बैल चालतात; मोटार पळते. तो खाली बसून चाकाचा वास घेत होता. अशी चाकाची गत त्याने जन्मात पाहिली नव्हती. मी मात्र हरखून गेले होते. आपली गाडी इतकी पळते की लाकडाला धूर निघतो, यात मला वाईट काही दिसेना.

यांना वाईट दिसलं. संध्याकाळी म्हणाले, राहू दे आता, लाकूड ते लाकूड. त्यांच्या बोलण्यात सुटकेसारखं काहीतरी होतं आणि ते मला टोचलं. मी म्हटलं, तुंब्यावर तेल सतत पडत राहिलं तर? ते म्हणाले, कोण घालत बसणार?

महादेवाच्या पिंडीवर पाणी कोण घालत बसतं? गळती घालते. वर टांगलेलं भांडं, बुडाला बारीक भोक, थेंब थेंब अखंड. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून दोन नवी गाडगी आणली, बुडाला भोक पाडून त्यात वात घातली, आणि दोन्ही चाकांच्या वर एकेक टांगली. आत एरंडेल. थेंब बरोबर तुंब्यावर. सुताराला हे आधी पटेना, देवाची रीत चाकाला कशी लावायची म्हणून. मग त्यानेच गाडगी नीट शिंक्यात बसवली, आणि पहिला थेंब पडला तेव्हा चाकाला हात जोडले. कोसभर मोटार पळवली. धूर नाही. फक्त गाडगी कोसाकोसाला भरायची आठवण ठेवायची, आणि ते काम माझं, कारण मी मागच्या बाकावर बसणार होते.

मी मागच्या बाकावर बसणार होते! यांनी शेवटचा प्रयत्न केला. लसीच्या पेट्या मागे ठेवाव्या लागतील म्हणाले. मी पेट्या माठाच्या चवडीशेजारी ओल्या गोणपाटात बसवून दाखवल्या, बाकापेक्षा गार. त्यांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. इतक्या खटाटोपानंतर मला कोणाचं उतरलेलं तोंड बघायचं नव्हतं.

निघालो त्या सकाळी थंडी होती. मी शाल गच्च गुंडाळून मागे एकटी, ऐसपैस. डोक्यावरचा पदर वाऱ्याने राहीना. दर कोसाला मोटार थांबायची, मी एरंडेलाचा बुधला घेऊन उतरायची, गाडगी भरायची, चाकावर हात ठेवून बघायची. गार. चाचा मान हलवायचे. ज्वारी पोटरीला आलेली, दोन्ही बाजूंनी हिरवी. लिंबागणेशच्या अलीकडे चढ लागला तेव्हा गाडीने मोटारीला जराही मागे ओढलं नाही. मी देवळाच्या कळसाला नमस्कार केला आणि मनात म्हटलं, बघ बाबा, आले.

दुपारी पहिलं गाव आलं. गावापुढच्या चिंचेखाली उतरलो. मी झाकण उघडलं, टेकू लावले, ओटा तयार केला, माठातून पाणी काढलं. एक टवका उडालेला नव्हता. मी आनंदाने वळून यांना सांगायला गेले तर हे खुर्चीवर बसलेले, पुढ्यात लसीची पेटी, आणि समोर गाव रिकामं.

रिकामं म्हणजे अगदी रिकामं. दारं उघडी, चुली पेटलेल्या, आणि माणूस नाही. पारावर दोन म्हातारे आणि एक पाटील, तोही जांभया देणारा. मी पाटलाला विचारलं, गाव कुठं गेलं?

"ज्वारीत गेलं," पाटील म्हणाला. "मोटारीचा आवाज लई लांबून येतो, बाईसाब. बाया लेकरं घेऊन पळत्यात. देवी आणाया आलेत म्हणत्यात. चार वाजता येतील, तुमी गेल्यावर."

मी यांच्याकडे पाहिलं. हे वहीची पानं उलटत होते. मग वर न बघता म्हणाले, "रोजचं आहे हे. जागेचं मी आपलं सांगत होतो. हैदराबादेत शिकून आलेला डॉक्टर म्हणून तुझ्या घरच्यांनी तुला दिली, आणि मला बघून बाया लेकरं काखेत मारून पळतात. ते तू बघावंस असं मला वाटत नव्हतं."

मला आधी राग आला, खरं सांगते. तीन वर्षं मी टायरांवर डूख धरून बसले होते. अंगण काळं केलं, जातं मोडून ठेवलं, त्या बिचाऱ्या सुताराला घाम फोडला, आणि आडकाठी टायरांची नव्हतीच! मी तडक जाऊन भाकरी थापायला बसले आणि इतक्या जोरात थापल्या की पहिल्या दोन फाटल्या. तिसरी भाकरी टाकता टाकता वळून पाहिलं. हे त्या रिकाम्या गावाकडे तोंड करून ताठ बसले होते. सदऱ्याची बटणं नीट, टोपी नीट. असे ते पाच-पाच महिने, गावोगाव, एकटे बसत असतील हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा सहन करायला जड होतं. मी भाकरी आणि पिठलं घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि आम्ही दोघं त्या गावाच्या समोर बसून जेवलो.

दुपार कलल्यावर दोन बायका ज्वारीतून डोकावल्या. मोटारीत बाई आलेली बघायला. त्यांनी ओटा पाहिला, टायरातला माठ पाहिला, त्यातलं पाणी प्याल्या. त्यातल्या एकीने घाबरत घाबरत लेकरू यांच्यापुढे धरलं. एकच. पण यांनी वहीत त्याचं नाव लिहिलं तेव्हा मला इतकं भरून आलं की मी उगाच चाकावर हात ठेवून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या अंगाने निघालो. आणि मी विसरले.

सबब काही नाही. सकाळचं ऊन, खाली पसरलेलं खोरं, हरणांचा कळप एकदम रस्ता ओलांडून गेला, आणि मी बाकावर गुडघे टेकवून पुढेच बघत राहिले. किती कोस गेले मोजले नाहीत. मागून करपल्याचा वास आला तेव्हा वळून पाहिलं तर डाव्या तुंब्यातून जाळ निघत होता. गाडगं कोरडं ठणठणीत. चाचांनी मोटार थांबवेपर्यंत कणा चाकात लचकला आणि गाडी एका अंगावर बसली. आम्ही तिघांनी मिळून माठातलं सगळं पाणी ओतलं, वरून माती टाकली. एक टायर खालून वितळला होता. बाकी पाच वाचले, लसीच्या पेट्या आणि राहुटीही वाचली. माझी गाडी संपली.

चूक माझीच होती. आणि पुढचं सगळं मला दिसत होतं. पाच टायर पुन्हा मागच्या बाकावर, आणि माझ्यासाठी जवळच्या वस्तीतून एखादा छकडा, बीडपर्यंत. चाचांनी दोरी काढलीच होती. मी माझं बोचकं उचललं आणि मोटारीतून खाली ठेवलं, कोणी सांगायच्या आधी आपणच ठेवलेलं बरं म्हणून.

हे गाडीभोवती एक फेरी मारून आले. माझ्या बोचक्याकडे पाहिलं, उचललं, आणि परत बाकावर ठेवलं. चाचांना म्हणाले, "टायर वस्तीवर ठेवून येऊ."

चाचा पार गोंधळले. "साब, म्होरं समदं बाभळीचं रान हाय. येक टायर फुटला तर बसावं लागंल."

"मग बसू. बैल मिळतील," हे म्हणाले. "मी हिला परत पाठवणार नाही."

एवढंच. मी आयुष्यात पुष्कळ गोड बोलणी ऐकली असतील, पण टायरांच्या त्या ढिगाशेजारी उभं राहून ऐकलेलं हे वाक्य मला शब्दशः पाठ आहे.

चाचा खरे ठरले. अर्ध्या तासात टायर फुटला आणि बदलायला दुसरा नव्हता. चिकटवायचा मसाला सुकायला वेळ लागणार, ऊन चढलेलं, गाव कोसावर. एका शेतकऱ्याची बैलजोडी मिळाली. मोटार बंद केली, पुढच्या दांडीला जू बांधलं, चाचा वळवायचं चाक धरून बसले, तोंड असं केलेलं की कोणी ओळखीचं भेटू नये. बैलांनी मोटार ओढायला सुरुवात केली. काही आवाज नाही, फक्त घुंगरं. मी मागे बसलेली. हे शेतकऱ्याशेजारून पायी चालत होते.

अशी आमची वरात गावात शिरली. आणि गाव जागेवर होतं! कोणालाही मोटार आल्याचं कळलंच नव्हतं. बाया पाणवठ्यावर होत्या, लेकरं काखेत होती. बैलांनी ओढलेली मोटार बघून एक म्हातारी इतकी हसली की तिला घागर खाली ठेवावी लागली. मग सगळ्याच हसायला लागल्या. हे ओशाळले, मग तेही हसायला लागले. पाणवठ्याच्या मधोमध, टोपी हातात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणाऱ्या माणसापासून लेकरू घेऊन कोण पळणार? मी उतरून बायांमध्ये गेले. संध्याकाळपर्यंत मला सुया उकळून देण्यातून उसंत मिळाली नाही आणि यांच्या वहीची दोन पानं भरली.

सकाळी चाचांनी चिकटवलेला टायर चढवला, हवा भरली, मोटार पुसून लख्ख केली आणि यंत्र सुरू करायला दांडा हातात घेतला. हे राहुटीतून बाहेर आले आणि म्हणाले, "यंत्र राहू द्या. बैल जुंपा."